मढ्याच्या टाळूवरचे लोणी

प्रेताला अग्नी देण्यापूर्वी त्याच्या टाळूवर लोण्याचा गोळा ठेवण्याची चाल पूर्वी होती म्हणतात. आणि ते लोणीसुद्धा काढून खाण्यास जो मागेपुढे पाहत नाही, त्याच्याइतका अधम मनुष्य दुसरा नाही, असे आपल्या भाषेने ठरवून टाकले आहे. हा शब्दप्रयोग इतका ओंगळ आहे, की शिष्ट मनुष्य तो सहसा तोंडावाटे काढीत नाही. मनात मात्र पुष्कळदा वापरतो. २०२१ सालच्या डिसेंबर महिन्यात मी तो माझ्या भावजयीविषयी मनात वापरला. प्रत्यक्ष उच्चारला नाही, एवढाच काय तो माझा शिष्टपणा.

माझा धाकटा भाऊ त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात वसईतील एका खासगी रुग्णालयात वारला. त्या महिन्यात काय चालले होते, ते या भागातील वाचकांस निराळे सांगावयास नको. खाट मिळाली तर प्राणवायू नाही, प्राणवायू मिळाला तर औषध नाही, आणि हे सारे मिळूनही जो गेला त्याच्यासाठी स्मशानात ओटा रिकामा नाही, अशी ती अवस्था होती. भावाच्या तपासणीचा अहवाल कोरोनाचाच होता. परंतु सोळाव्या दिवशी तो गेला तेव्हा रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूचे कारण म्हणून न्यूमोनिया व हृदयक्रिया बंद पडणे एवढेच लिहिले गेले. शिवाय घाईघाईत वडिलांच्या नावाच्या जागी भलतेच नाव पडले. ही चूक त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. आली असती तरी त्या दिवसांत कोणी कोणाशी भांडावयाचे?

आठ महिन्यांनी, राज्य सरकारचा निर्णय प्रसिद्ध झाल्यावर, भावजय आमच्या घरी आली. कोरोनाने मृत झालेल्या व्यक्तीच्या निकटच्या नातलगास ५० हजार रुपये सानुग्रह साहाय्य मिळावयाचे होते. अर्ज संगणकावरून करावयाचा होता, आणि त्यासोबत मृताच्या इतर जवळच्या नातलगांची हरकत नसल्याचे एक स्वयंघोषणापत्र जोडावयाचे होते. ती काटेकोर बाई आहे. नुसती सही करून मोकळी होण्याऐवजी तिने तो कागद आईपुढे व माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “आईंची आणि तुमची हरकत नाही ना, भाऊजी?”

आई काहीच बोलली नाही. मी म्हणालो, “त्या पन्नास हजारांवाचून आपले काय अडले आहे? आपण कशाला कोणापुढे हात पसरायचा?”

“तुमचं अडलं नाही, भाऊजी,” ती म्हणाली. “आणि पैशाचं मी मागाहून बघेन. पण ते कशानं गेले, एवढं तरी कुणी नीट लिहून देईल की नाही?” तिने कागदाची घडी केली आणि चहा न घेताच ती निघून गेली.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आपल्या माणसाच्या मृत्यूबद्दल सरकारकडे पैसे मागणे यात काही उणेपणा आहे काय? आणि असल्यास तो नेमका कोणाचा?

माझ्यासारख्या मनुष्याजवळ या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते, कारण त्याने कॉलेजात कांट शिकलेला, पुढे शिकविलेलाही असतो. जगातील काही वस्तूंना किंमत असते व काहींना प्रतिष्ठा असते. जिच्या जागी तिच्या तोलाची दुसरी वस्तू ठेवता येते तिला किंमत, आणि जिच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही तिला प्रतिष्ठा, असा भेद त्या जर्मन तत्त्ववेत्त्याने केला. मनुष्य दुसऱ्या कोटीतला. तेव्हा भावाच्या जागी ५० हजार रुपये ठेवू पाहणे हा तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने प्रमाद व भावनेच्या दृष्टीने विटंबना, असा माझा युक्तिवाद होता. तो ऐकावयास भारदस्त आहे. परंतु तो खरा नाही, हे कबूल करावयास मला काही महिने लागले.

कारण असे, की हाच भाऊ आयुर्विम्याचे हप्ते भरीत असे. त्याच्या पश्चात विम्याची रक्कम आली तेव्हा मला विटंबना वाटली नाही. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज मी स्वतः भरून दिला. मी उद्या मेलो तर माझ्या पत्नीस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल आणि ते घेताना तिने मान खाली घालावी असे मला स्वप्नातही वाटत नाही. म्हणजे मृत्यूनंतर येणाऱ्या पैशाशी माझे भांडण नव्हतेच. भांडण होते ते अर्जदार होण्याशी. विम्याच्या कचेरीत आपण गिऱ्हाईक म्हणून जातो, सरकारच्या दारी याचक म्हणून; आणि मध्यमवर्गीय मनुष्यास गिऱ्हाईक होणे आवडते. कांटचे नाव मी उगीच पुढे केले होते. त्याच्याआड उभी होती ती आमच्या घराण्याची ऐट, आणि ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला बिनबोभाट बँकेत जमा होतो त्याला ती परवडत होती. भावाची मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होती. तिच्या आईच्या अडचणीवर मी माझा स्वाभिमान पोसू पाहत होतो, याला याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

आपल्याकडे हा व्यवहार पूर्वी कसा होता, हे पाहण्यासारखे आहे. वसईच्या किल्ल्याच्या तटावरून फिरताना आपण चिमाजी आप्पांचा जय आठवतो. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला, तो दिवस आठवतो. तटाखाली जी हजारो माणसे कामी आली त्यांच्या घरी पुढे काय झाले, हा विचार सहसा कोणी करीत नाही. पेशवेकालीन दफ्तरात मोहिमांत पडलेल्या शिपायांच्या कुटुंबांस दिलेल्या नेमणुका व जमिनी आढळतात. त्यांस बालपरवेशी असे नाव होते. मला त्या नावाचे फार अप्रूप वाटते. हा शब्द मेलेल्याची किंमत सांगत नाही, देणाऱ्याचा मोठेपणाही सांगत नाही. तो मुलांकडे बोट दाखवितो: बाप गेला, मुले मागे राहिली, त्यांची परवरिश व्हावयाची आहे. ती व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. धन्याच्या कामी आलेल्याचीच मुले तीत बसत. तापाने मेलेल्या कुणब्याची पोरे कोणाच्या दफ्तरात चढली नसावीत. तथापि नाव ठेवणाराची दृष्टी जिवंतांवर होती, एवढे खरे.

याच्या उलट आजचा शब्द पाहा. सानुग्रह! अनुग्रह गुरू शिष्यावर करतो, देव भक्तावर करतो. ज्याच्यावर तो होतो त्याने मान लववावयाची असते, आणि झाला नाही तर तक्रार करावयाची सोय नसते. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात मात्र एक मौज झाली आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने आपद्ग्रस्तांस द्यावयाच्या किमान साहाय्याची तत्त्वे ठरवावीत व त्यांत जीवितहानीबद्दलच्या सानुग्रह साहाय्याचा समावेश असावा, असे ते कलम सांगते. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने कोरोनाची साथ ही आपत्ती मानली आणि मृताच्या कुटुंबास ४ लाख रुपये देण्याचे राज्यांस कळविले. त्याच दिवशी सुधारलेले पत्र निघाले आणि त्यातून ते ४ लाख नाहीसे झाले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की रक्कम किती असावी हे आम्ही सांगणार नाही, परंतु काहीच न देण्याची मुभा कायद्याने प्राधिकरणास दिलेली नाही. सहा आठवड्यांत तत्त्वे ठरवा. त्यातून सप्टेंबरात ५० हजारांचा आकडा निघाला व ४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने तो मान्य केला. म्हणजे अनुग्रह करणे बंधनकारक ठरले! ज्याला करावाच लागतो तो अनुग्रह नव्हे, ते देणे होय. आणि देणे असेल तर समोरचा मागतो ती भीक नव्हे. भावजयीच्या हातातील कागदाला हा एवढा कायदा चिकटलेला होता, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. तिलाही नसावे. पण तिच्या बोलण्यात ते होते.

४ लाख आणि ५० हजार यांमधील अंतर पाहून पुष्कळांस संताप आला, आणि तो अनाठायी नव्हता. मला मात्र या रकमेतील दुसरीच एक गोष्ट अधिक विचार करावयास लावते. ती सर्वांस सारखी होती. गिरणीतल्या मजुरास जितकी, तितकीच बड्या कारखानदारास. मोटार-अपघाताच्या दाव्यांत असे नसते. तेथे मृताचे वय, त्याचे उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचे गणित मांडून रक्कम काढतात. गृहिणी मेली तर तिचे उत्पन्न किती धरावे यावर थोर न्यायमूर्तींनी निकाल लिहिले आहेत. अमेरिकेत २००१ सालच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तेथील सरकारने एक निधी उभारला व त्याचे वाटप केनेथ फाइनबर्ग नामक वकिलाकडे सोपविले. कायद्याप्रमाणे मृताच्या कमाईचा विचार करावा लागत असल्यामुळे कोणाच्या वाट्यास अडीच लाख डॉलर आले तर कोणाच्या वाट्यास ७० लाखांहून अधिक. शंभरातील ९७ कुटुंबांनी तो निधी स्वीकारला. पुढे या गृहस्थाने पुस्तक लिहिले व त्यात असे मत दिले, की पुन्हा कधी असा निधी काढलाच तर सर्वांस सारखी रक्कम द्यावी. हजारो घरांची दुःखे समोर बसून ऐकलेल्या मनुष्याचे ते मत आहे. त्याला कांट वाचावा लागला नसेल. रक्कम माणसागणिक बदलू लागली की ती किंमत होते. सर्वांस एक झाली की ती किंमत राहत नाही, एक खूण होते, की हा मनुष्य आमच्यातला होता आणि तो गेल्याची नोंद आम्ही घेतली आहे. ५० हजार ही भावाची किंमत नव्हती, याचा सर्वांत भक्कम पुरावा ते ५० हजार होते, हाच!

मग उणेपणा कोठेच नाही काय? आहे, परंतु तो घेणाराच्या हातात नसून विचारणाराच्या प्रश्नांत आहे.

सरकारला नुसता मृत्यू पुरत नाही, त्याला मृत्यूची जात लागते. कोणते मरण कोणत्या रकान्यात बसते, हे ठरल्यावाचून पैसा हलत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बाबतीत तर ‘पात्र’ व ‘अपात्र’ असे शब्दच सरकारी कागदांत रूढ झाले आहेत. गळफास घेतलेला मनुष्य पात्र की अपात्र, हे त्याच्या नावावर जमीन होती की नव्हती, कर्ज होते की नव्हते, यावरून ठरते. पात्र ठरल्यास १ लाख रुपये, त्यांतील बहुतांश ठेवीत. ज्या बाईने आयुष्यभर शेतात राबून जीव दिला पण सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, ती अपात्र. हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याने तो आपल्या घरातील मृताविषयी एकदा उच्चारून पाहावयास हवा होता.

आमच्या भागात रकाने निराळे. अर्नाळा, पाचूबंदर येथील कोळ्याची होडी परत आली नाही आणि देह सापडला नाही, तर तो मेला असे लगेच म्हणता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सात वर्षांचा दंडक घालून दिला व २०२४ साली आलेल्या नव्या कायद्याने तोच पुढे चालविला: ज्यांना त्याची खबर लागावी अशा माणसांना सात वर्षे ती लागली नाही, म्हणजे मग तो मेला असे धरावयाचे. समुद्राला जे एका रात्रीत कळते ते कायद्याला कळावयास सात वर्षे लागतात. दरम्यान ती स्त्री सधवा की विधवा, तिने काय म्हणून अर्ज करावा, कोणाच्या नावाने करावा?

आणि मग रेल्वे. विरारच्या गाडीविषयी लिहावयाचे तर वेगळा लेखच लागेल. गर्दीने भरलेल्या गाडीतून मनुष्य खाली पडून मेला तर रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यान्वये ती नुकसानभरपाईस पात्र अशी दुर्घटना होते. त्याच रुळांवर, त्याच ठिकाणी, त्याच घाईने रूळ ओलांडताना मेला तर ते अनधिकृत प्रवेशाचे कृत्य ठरते, आणि त्याबद्दल भरपाई नाही. दोघेही कामावरून घरी परतत होते. घरी दोघांचीही ताटे झाकून ठेवलेली होती.

येथे मला एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पंधरा-एक वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा भाईंदर व नायगाव यांमधील खाडीच्या पुलाजवळ गाडीतून पडून गेला. त्याचा पास सापडला नाही. खिशातून पाण्यात गेला असेल, त्या महिन्यात काढलाच नसेल, कोणास ठाऊक. भरपाईसाठी मृत हा रीतसर प्रवासी असावा लागतो. कोणी एक हितचिंतक त्याच्या वडिलांस म्हणाला, की त्या तारखेचे तिकीट पैदा करता येईल, तशी माणसे आहेत. रक्कम तेव्हा ४ लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख झाली आहे. वडील माझ्याकडे सल्ला विचारावयास आले होते. मी काही बोलण्यापूर्वीच ते म्हणाले, “सर, पोरगा गेला तो गेला. त्याच्या नावावर खोटं तिकीट नको.” त्यांनी दावाच केला नाही. मी त्यांच्या सत्यनिष्ठेने भारावून गेलो आणि कित्येक वर्षे वर्गात ही गोष्ट सांगत आलो.

आता ती सांगताना जीभ अडखळते. पास अगर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही, हे मला ठाऊक नव्हते. मृताजवळ ते होते असे परिस्थितीवरून दाखवावयास वाट असते. दावेदाराने आपल्या माहितीप्रमाणे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि मग ते खोटे असल्यास दाखविण्याचा भार रेल्वेवर पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्यापूर्वीही तसे दावे मान्य झालेले होते. गाडीच्या दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असला तरी गुन्हा नव्हे, हेही त्या न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलेले होते. म्हणजे त्या गृहस्थास एकही खोटा शब्द न बोलता दावा करता आला असता. एका वकिलाचे घर मला दाखविता आले असते. मी त्यांच्या नकाराचे कौतुक करीत बसलो आणि वर्षाची मुदत टळून गेली. त्यांचा नकार सत्यासाठी होता. माझा, भावजयीपुढचा, ऐटीसाठी होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात; म्हणूनच ज्यांना पैशाची निकड नाही त्यांनी दुसऱ्याच्या नकाराचे फार कौतुक करू नये.

खोटे अर्ज होत नाहीत काय, असे वाचक विचारतील. होतात. कोरोनाच्या साहाय्यासाठी खोटी वैद्यकीय प्रमाणपत्रे काढल्याच्या तक्रारी झाल्या आणि २४ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्रप्रदेश, गुजरात, केरळ व महाराष्ट्र या चार राज्यांतील शंभरातील पाच अर्जांची छाननी करण्याची परवानगी केंद्रास दिली. टाळूवरचे लोणी कोणाला म्हणावे, हा प्रश्न असेल तर तो येथे विचारावा. जो आपले माणूस गमावल्यावाचून त्याचा पैसा मागतो त्याच्याविषयी विचारावा. ज्याने गमावले आहे त्याच्याविषयी नव्हे.

आणि या अर्जांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला आकडे वाचीपर्यंत सुचली नव्हती. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रातील कोरोना-मृत्यूंची सरकारी संख्या सुमारे १ लाख ४१ हजार होती, आणि आलेले अर्ज २ लाखांहून अधिक होते. त्यांत दुबार अर्ज असतील, खोटेही असतील. तथापि तपासणीनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी का झालेला असेना, कोरोनाचाच धरावा, या नव्या नियमाने ज्यांची नोंद आता होऊ लागली अशीही पुष्कळ माणसे त्यांत होती. माझा भाऊ त्यांतलाच एक. सरकारी गणतीत जे कोठेच नव्हते, त्यांना त्यांच्या बायकांनी, मुलांनी, म्हाताऱ्या आईबापांनी ५० हजारांचा अर्ज करून गणतीत आणले. मी ज्याला हात पसरणे म्हणत होतो त्याने हे काम केले. आम्ही सगळ्यांनीच ऐट राखली असती, तर ती माणसे आकड्याबाहेरच राहिली असती, आणि पुढच्या साथीच्या वेळी खाटा किती हव्यात याचा हिशेब त्या कमी आकड्यावरच झाला असता.

हे लिहीत असता एक विसंगती मनातून जात नाही. ज्या आठवड्यात भाऊ गेला त्याच आठवड्यात, २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि १३ कोरोनाग्रस्त रुग्ण त्या दिवशीच मृत्यू पावले. दिवस मावळण्यापूर्वी त्यांच्या कुटुंबांसाठी राज्य सरकारने ५ लाखांचे व पंतप्रधानांच्या निधीतून २ लाखांचे साहाय्य जाहीर झाले. २०२५ च्या २७ ऑगस्टला, ऐन गणेशचतुर्थीच्या मध्यरात्री, विरारमध्येच चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हाही ५ लाखांची घोषणा झाली. ती व्हावयासच हवी होती. त्या घरांविषयी मला दुसरे काही म्हणावयाचे नाही. परंतु एकाच रोगाने, एकाच गावात, एकाच आठवड्यात गेलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या दारी सरकार आपण होऊन जाते आणि दुसऱ्याच्या विधवेला आठ महिन्यांनी रकाने भरावे लागतात. हा फरक मृत्यूचा नाही, तो देखाव्याचा आहे. ज्या मरणाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते त्याला घोषणा मिळते. एकट्याच्या मरणाला अर्ज करावा लागतो. यावर उपाय काय, असे कोणी विचारील तर मृत्यूची नोंद करणाऱ्या कारकुनानेच घरच्यांना देय असलेल्या साहाय्याचा कागद हातात द्यावा, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. ज्याने नुकतीच रक्षा सावडली त्याला सरकारी योजनांच्या शोधात पाठवू नये.

भावजयीने अर्ज केला. रुग्णालयाच्या कागदावर रोगाचे नाव नसल्यामुळे तो प्रथम अडकला. तक्रारींचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीपुढे तपासणीचा अहवाल, छातीची छायाचित्रे, औषधांच्या पावत्या घेऊन तिला जावे लागले. मी बरोबर गेलो होतो. आठ महिने डब्यात बंद ठेवलेल्या त्या पावत्या तिने टेबलावर एकेक करून मांडल्या, आणि प्रत्येकीवरची तारीख तिला न बघता सांगता येत होती. समोरचे अधिकारी सभ्यपणे वागले. एकाने “मयताचे नाव?” असे विचारले तेव्हा ती थोडी थांबली आणि मग पूर्ण नाव सांगितले. आमच्या चालीच्या घरात तिने नवऱ्याचे नाव माझ्यादेखत तोपर्यंत कधी घेतले नव्हते.

वडिलांचे नाव दुरुस्त करून घेण्यास आणखी दोन महिने गेले. पैसे बँकेत आले ते पुढच्या उन्हाळ्यात. त्यांचे तिने काय केले, हे मी विचारलेले नाही. मृत्यूच्या कारणाचा नवा कागद मात्र ती ज्या दिवशी मिळाला त्याच संध्याकाळी घेऊन आली. आईला अलीकडे दिसत नाही, म्हणून मी तो मोठ्याने वाचून दाखविला. कारणाच्या ओळीवर आईने नुसते डोके हलविले. मग म्हणाली, “वर नाव काय लिहिलंय, ते वाच.” मी वाचले. “वडलांचं बरोबर आहे?” मी म्हणालो, बरोबर आहे.

“परत एकदा वाच,” आई म्हणाली.